कोंबडा की कोंबडी

"मोठ्याई, कोंबडा की कोंबडी?"

चिनूनं करवंद दातानं अर्धं तोडून मुठीत लपवलं होतं आणि ती मूठ अक्कांच्या नाकाशी धरली होती. पायरीवर करवंदांची पाटी, पाटीजवळ माझी मेघा, आणि मेघाच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिलेल्या अक्का. तिघंही नुकतीच रानातून आली होती. हातापायांवर काट्यांचे ओरखडे, बोटांना चीक, ओठ जांभळे.

"कोंबडा," अक्का म्हणाल्या.

आमच्या आजऱ्याकडं पोरांचा हा जुना खेळ. करवंद फोडायचं. आत गर लाल निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी. ज्याचं बरोबर येईल, करवंद त्याचं.

चिनूनं मूठ उघडली. मी तिथंच उभी होते, मला स्वच्छ दिसलं. आत पांढराफटक गर होता.

"कोंबडा," चिनू गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "मोठ्याई, तू परत जिंकलीस."

"मग आण इकडं," म्हणून अक्कांनी ते अर्धं करवंद तोंडात टाकलं.

मला हसू आलं. पाच वर्षांचं पोर, पण चपातीवर तूप कोण वाढतं आणि कुणाला जिंकू द्यायचं, एवढं त्याला कळत होतं. अक्काही कशा त्याच्या लबाडीत सामील होतात, म्हणून मला गंमत वाटली. तेवढंच वाटलं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माहेर गडहिंग्लजला, पण तिथं आता भावजयींचा कारभार. भाऊबीजेला जायच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीनं परत यायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, म्हणून माझ्या मैत्रिणींनी माझं अभिनंदन केलं होतं. त्यांना अक्का माहीत नव्हत्या. चूल त्यांची. मला निवडायला, चिरायला आणि वाढायला परवानगी होती. फोडणी, मीठ आणि शिजत्या भांड्याचं झाकण यांना हात लावायचा नाही. सुरुवातीला मी रागवायचे. मग चव कळायला लागली आणि राग गेला.

मेघा त्यांना मोठ्याई म्हणायची. तिचं ऐकून चिनूही म्हणायला लागला. खरं तर त्या त्याच्या मोठ्या मामी. चिनू माझ्या नणंदेचा, उज्ज्वलावन्संचा मुलगा. लग्नानंतर फार वर्षांनी, किती डॉक्टर आणि किती उपास करून झालेला. आईला सोडून तो पहिल्यांदाच कुठं राहिला होता, कारण वन्संना बँकेतून सुट्टी मिळत नव्हती. रोज संध्याकाळी समोरच्या किराणा दुकानात त्यांचा पुण्याहून फोन यायचा. दुकानात जेवढी गिऱ्हाईकं असतील तेवढी आमचं बोलणं ऐकायची.

"पाणी उकळून देतेस ना गं, शालन?"

"हो वन्सं."

"आणि करवंदं खाऊ देत तेवढी, पण वहिनींनी बघितल्याशिवाय नको हं. शप्पथ आहे तुला माझी."

ही आमच्या घरची रीतच होती. आमच्या रानात करवंदांच्या जाळीतच एक झुडूप वाढतं. त्याला तशीच काळी, गोल फळं येतात. नाव मला आजही माहीत नाही, पण गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून पोरांनी तोडलेलं प्रत्येक फळ अक्कांच्या हाताखालून जायचं. त्या बघणार, मग पोरांनी खायचं. उज्ज्वलावन्सं लहानपणी तशाच वाढल्या, माझे मिस्टर तसेच वाढले. त्यामुळं पोरं अक्कांबरोबर रानात गेली की मी निर्धास्त असायचे.

"शनिवारी येते मी न्यायला," वन्सं म्हणाल्या होत्या. "वहिनींना म्हणावं, जॅम करून ठेवा. पुण्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी."

झालं. गुरुवारी अक्कांनी माळ्यावरचं मोठं पितळी पातेलं उतरवायला लावलं. स्टीलच्या भांड्यात करवंदाचा जॅम तळाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. पातेलं चिंचेनं घासून लखलखीत केलं, ते मी. म्हणजे बाहेरून. आतून अक्काच घासत, त्यात माझं काम त्यांना पसंत नव्हतं. मग दिवसभर घरात तो वास. करवंदं शिजली, चाळणीवर घोटून बिया काढल्या, साखर पडली, लाकडी उलथन्यानं अक्का ढवळत बसल्या. मेघा त्यांच्या एका बाजूला, चिनू दुसऱ्या बाजूला. "बघ रे, तार आली का," असं म्हणून त्या पोरांना थेंब दाखवायच्या. पोरांना वाटायचं आपण मोठे आचारी. मलाही वाटायचं, किती कौतुकानं शिकवतात.

जॅम झाला, पण बरण्या वाळल्या नाहीत. उकळून अंगणात पालथ्या घातल्या होत्या, आणि दिवसभर आभाळ भरून होतं.

"ओल्या बरणीत भरला की बुरशी येणार," अक्का म्हणाल्या. "राहू दे पातेल्यातच. सकाळी भरू."

वर धोतराचं फडकं बांधून ठेवलं. शुक्रवारी सकाळी बरण्या उन्हात ठेवून त्या पोरांना घेऊन रानात गेल्या, आणि आल्या त्या अशा, कोंबडा-कोंबडी करत.

पोरांना भूक लागली होती. मी चपात्या केल्या, अक्कांनी त्यावर गार जॅम वाढला. त्यांचा शुक्रवारचा उपास, रानातल्या फळापलीकडं काही खायच्या नाहीत, त्यामुळं स्वतः चाखला नाही. मेघानं एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"चव कशीतरीच आहे."

"साखर कमी पडली असंल," अक्का म्हणाल्या. त्यांना लागलं ते. "नको तर चटणी घे."

चिनूनं मेघाकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, आणि म्हणाला, "मला आवडला. मला अजून दे." त्यानं मेघाच्या वाट्याचाही खाल्ला.

मी मागच्या दारी धुणं धूत होते तेव्हा तो आला. दोन्ही हातांनी पोट धरलेलं.

"मामी, पोटात कोणीतरी पिळतंय."

मी हात पुसेपर्यंत तो वाकला आणि धुण्याच्या दगडावर ओकला. काळपट लाल. दगडावरून ओघळून ते साबणाच्या फेसात मिसळलं आणि सगळा फेस लाल झाला.

करवंदाचा रंग तसाच असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच शब्द आला, फुरसं. आमच्या जाळ्यांमध्ये हा साप पाचोळ्यासारखा पडून असतो, आणि तो चावला की माणसाच्या तोंडातून रक्त येतं. हे मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. मी चिनूला मांडीवर ओढला, बादलीतल्या पाण्यानं त्याचे पाय धुतले आणि दाताच्या दोन खुणा शोधायला लागले. पायभर काट्यांचे ओरखडे आणि टोचलेले लाल ठिपके. भीतीनं बघितलं की दोन ठिपक्यांची जोडी कुठंही सापडते. मला घोट्याजवळ सापडली, पोटरीवर सापडली, गुडघ्यामागं सापडली.

"काय झालं गं?" अक्का दारात आल्या होत्या. "कोण ओकतंय?"

"चिनू."

त्या पुढं आल्या नाहीत. दाराची चौकट धरून तिथंच उभ्या राहिल्या. पोर माझ्या मांडीवर वेडंवाकडं होत होतं आणि ही बाई लांबून विचारत होती, "रंग कसला हाय?"

"तुम्हाला दिसत नाही का?" मी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. "रक्त आहे."

चौकटीवरची त्यांची बोटं तेवढी पांढरी पडली.

मेघा माझ्यामागं येऊन उभी राहिली होती. मी तिचे खांदे धरले. "काही चावलं का त्याला? खरं सांग."

"नाही."

"रानात काही खाल्लं?"

"करवंदं."

"सगळी मोठ्याईनं बघून दिली होती ना? एकूण एक?"

मेघानं दाराकडं बघितलं. मग खाली. मग पुन्हा दाराकडं.

"मेघा."

"मला सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"शप्पथ आहे," ती म्हणाली. "मोठ्याईची."

म्हणजे खाल्लं होतं. न बघता काहीतरी खाल्लं होतं, आणि पोरांनी ते आपसात लपवायचं ठरवलं होतं. तेवढ्यात चिनू पुन्हा ओकला. या वेळी लाल कमी होतं, हिरवट पाणी जास्त.

मिस्टर साखर कारखान्यात, पहिल्या पाळीला. मी चिनूला उचलून पदरात गुंडाळलं आणि रस्त्याकडं धावले. इस्माईलभाईंची वडापची जीप फाट्यावर गिऱ्हाईकांची वाट बघत उभी होती, निम्मी भरलेली. त्यांनी माझ्या हातातलं पोर बघितलं आणि मागं वळून म्हणाले, "उतरा सगळी. दुसरी गाडी येईल." सगळी उतरली.

"मी येणार," अक्का मागून म्हणाल्या. पायात चपला नव्हत्या. जीपच्या पायरीवर त्यांचा पाय पडला नाही, हवेत गेला. मेघानं त्यांचा हात धरला आणि जीपच्या दांडीवर नेऊन ठेवला. पटकन, कुणी न सांगता, रोजचं काम असल्यासारखं. मी बघितलं, पण माझं लक्ष चिनूच्या श्वासाकडं होतं.

तालुक्याचा रस्ता तेव्हा खडीचा होता. चिनूचं डोकं माझ्या दंडावर आपटायचं, ते मी हातानं धरून ठेवलं होतं. तो मध्येच कण्हायचा, मध्येच गप्प व्हायचा. कण्हत होता तोवर मला धीर होता, गप्प झाला की मी त्याला हलवायचे. खोटं कशाला सांगू, त्या रस्त्यावर मी वन्संना काय सांगायचं तेही जुळवत होते. जितकी वाक्यं जुळवली ती सगळी 'मी तिथं नव्हते' अशी सुरू व्हायची, आणि त्यातलं एकही शेवटपर्यंत जात नव्हतं.

मी मेघाला जवळ घेतलं. हळू विचारलं, "शप्पथ मोडली तर काय होतं गं?"

"जिची घेतली ती मरते."

"कोण म्हणालं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"आणि तू सांगितलं नाहीस तर चिनूचं काय होईल?"

तिनं चिनूकडं बघितलं. मग समोर बसलेल्या अक्कांकडं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज नाही. असं रडणं मी मोठ्या बायकांचं बघितलं होतं, माझ्या आठ वर्षांच्या मुलीचं नव्हतं. आज मेघाला दोन मुलं आहेत. त्यांना शप्पथ घालायची नाही, हा तिच्या घरातला एकमेव नियम आहे. बाकी घरात काही धरबंद नाही.

अक्का समोर बसून होत्या. दोन्ही हात मांडीवर, तोंड खिडकीकडं. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असणार. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं.

डॉक्टर हेरेकरांचा दवाखाना म्हणजे एका खोलीचे दोन भाग, मध्ये पडदा. त्यांनी चिनूला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, डोळे बघितले, पाय मी सांगायच्या आत बघितले.

"साप नाही," ते म्हणाले.

"पण विषबाधा आहे. काय खाल्लं यानं?"

"करवंदं."

"करवंदांनी असं होत नाही, बाई. आणखी काय?"

मी मेघाकडं बघितलं. मेघानं ओठ आत दुमडून घेतले.

"रानात काहीतरी खाल्लंय," मी म्हणाले. "कसलं ते सांगत नाही."

डॉक्टर मेघासमोर गुडघ्यावर बसले. चांगला माणूस होता. "बाळ, मी रागावणार नाही. कसलं फळ होतं? काळं? पान कसं होतं?" मेघा मान हलवत राहिली. फळ नव्हतं, की सांगणार नाही, काही कळेना. ते उठले.

"हे बघा, काही झाडांच्या विषाला एक औषध लागतं, काहींना नेमकं उलटं. अंदाजानं देण्यात अर्थ नाही. कोल्हापूरला हलवा. लगेच."

कोल्हापूर म्हणजे दुपार त्या रस्त्यातच जाणार. "वाटेत काही झालं तर?" मी विचारलं.

ते कपाटातून सलाईनची बाटली काढायला लागले. बाहेर इस्माईलभाईंनी जीप वळवून लावल्याचा आवाज आला.

"मामी," चिनू टेबलावरून म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या तोंडात पैसा आहे."

"काय?"

"पैसा."

डॉक्टर वळले. "नाणं गिळलं की काय?" मी त्याच्या तोंडात बोट घालून फिरवलं. जिभेखाली, गालात. काही नव्हतं. तेवढ्यानंही त्याला उमासा आला आणि हिरवट पाणी पडलं.

"नाही रे राजा. काही नाही."

"आहे. चोखल्यासारखा लागतोय. थुंकला तरी जात नाही."

भिंतीपाशी बाकावर अक्का बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या.

"कवापासनं लागतंय, बाळ?"

"जॅम खाल्ला तेव्हापासून," चिनू म्हणाला. "पण मी तुला सांगितलं नाही."

अक्का उभ्याच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं. वळणावर दिवे विझवून गाडी उभी करावी तसा तो चेहरा झाला. मग त्यांनी हात पुढं केला. हवेत चाचपडत तो मेघाचा शोध घेत होता. मेघाच पुढं सरकली आणि तिनं आपलं डोकं त्या हाताखाली दिलं.

"सुटली गं," अक्का म्हणाल्या. "शप्पथ सुटली. मी घातलेली, मीच सोडली. सांग तुझ्या आईला."

मेघानं माझ्याकडं बघितलं नाही. डॉक्टरांकडं बघून म्हणाली, "मोठ्याईला दिसत नाही. उन्हात थोडं दिसतं. घरात काहीच दिसत नाही. आम्ही दोघं तिला सगळं सांगतो. करवंदं पण मीच बघून देत होते. सगळी चांगली होती, मी नीट बघितली होती."

"बरं," डॉक्टर म्हणाले. त्यांना घाई होती. "पण त्याचा इथं काय संबंध?"

"हाय संबंध," अक्का म्हणाल्या. "जॅम पितळी पातेल्यात केला. पातेलं कित्येक वर्षं माळ्यावर. कल्हईवाला आता येत न्हाई गावात. आतनं कल्हई हाय का गेली, ते बघायला पायजे होतं. हातानं कळत न्हाई, गुळगुळीतच लागतंय. म्हणून चिनूला विचारलं, बाळ, आतनं पांढरं हाय न्हवं? तो म्हणाला, हो मोठ्याई, पांढरं आहे." त्या थांबल्या. "आंबट वस्तू. रात्रभर त्यात ठिवली मी."

मला पायरीवरची उघडी मूठ दिसली. पांढराफटक गर, आणि 'तू परत जिंकलीस.'

ज्यांनी कल्हईची भांडी बघितली नाहीत त्यांना सांगते. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात. तो गेला आणि त्या पितळेत आंबट काही ठेवलं, की ते कळकतं. ताकसुद्धा हिरवं होतं. हे आमच्या पिढीच्या कुठल्याही बाईला झोपेतही माहीत असतं. अक्कांनी तर मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली ही गोष्ट.

"कळकलं," डॉक्टर म्हणाले, आणि हातातली बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांचा आवाज बदलला होता. "पितळेतलं तांबं उतरलंय पोटात. म्हणूनच हिरवं पडतंय. उलट्या झाल्या ते उत्तम झालं, पोटानंच बाहेर टाकलं. त्याला त्या रस्त्यानं कुठं न्यायला नको. इथंच सलाईन लावतो." मग इस्माईलभाईंना म्हणाले, "गाडी बंद करा."

"वाचंल न्हवं?" अक्कांनी विचारलं.

"उद्या पळायला लागेल. पण आणखी एक वाटी खाल्ला असता तर मी एवढ्या खात्रीनं बोललो नसतो."

अक्का खाली बसल्या. बाक कुठं आहे ते न चाचपता बसल्या, म्हणून थेट जमिनीवरच बसल्या. कुणी त्यांना उठवलं नाही. मेघा जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा वन्संच्या फोनची वेळ टळून गेली होती. चिनू माझ्या कडेवर झोपला होता, ओठ कोरडे पण श्वास सरळ. मिस्टर आले, त्याला बघून गेले, आणि मग गोठ्यात जाऊन बसले. अक्का चुलीकडं गेल्या नाहीत. मी गेले. जॅम परसात खड्डा करून ओतला आणि पातेलं उजेडात तिरकं धरलं. कडेला सगळीकडं पांढरं होतं. तळाला मात्र हळद सांडल्यासारखा मोठा पिवळा डाग, त्याच्या काठाला हिरवी रेघ. वरून बघणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला काय दिसणार. आणि दिसलं असतं तरी तो काय म्हणाला असता, ते मला आता ठाऊक होतं.

आतल्या खोलीतून ट्रंकेचं झाकण वाजलं.

अक्का लुगडी घडी करून आत ठेवत होत्या. घड्या एकदम सरळ. "उद्या सकाळच्या गाडीनं जाते," म्हणाल्या. "उज्ज्वला यायच्या आत."

"कुठं?"

"गडहिंग्लजला."

"भावजयींकडं? एकट्या? गाडीचा फलक कोण वाचणार?"

त्या घडी घालत म्हणाल्या, "दिवाळीपासनं धुकं हाय डोळ्यांपुढं. मला वाटलं, हातांना सगळं पाठ हाय, निभंल. शालन, चूल सुटली की मग ह्या घरात मी कोण गं? ना कुणाची आई, ना कुणाची सासू. नुसती बसून खाणारी बाई. भीती वाटली. म्हणून पोरांना शप्पथ घातली." ट्रंकेच्या कडेवर हात टेकून म्हणाल्या, "त्या पोराच्या जिवावर माझी चूल राखली मी."

मी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसले. माझं वजन तेव्हाही बऱ्यापैकी होतं.

"उठ," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं वन्सं आल्या. चिनू फाटकापर्यंत धावला. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य तोंडाशी घेऊन मागं होते, पण वन्संनी चपला काढायच्या आत त्यानं सगळं सांगून टाकलं. "आई, मी ओकलो, मला सलाईन लावलं, मी रडलो नाही, आणि मोठ्याईला दिसत नाही."

वन्सं खाली बसल्या. त्यांनी चिनूचा हात उलटासुलटा करून सुईची जागा बघितली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. पातेल्यासकट, शप्पथेसकट, जसं झालं तसं. त्यांचा चेहरा लाल होत गेला, मग पांढरा. उज्ज्वलावन्संची जीभ आमच्या सगळ्या भावकीत प्रसिद्ध. ती जीभ गप्प होती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्या उठल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग.

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. पावलांवरून त्यांनी ओळखलं असणार. "उज्ज्वला," म्हणाल्या.

"वहिनी, माझं एकुलतं एक पोर," वन्सं म्हणाल्या. ट्रंक बघितली. अक्कांच्या सोलवटलेल्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पहाटेपासून एसटीत उपाशी आहे मी. वाढा मला."

"शालन वाढंल."

"शालनला नाही सांगितलं मी."

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. पाटावर ताट मांडलं, भात काढला, आमटीच्या वाटीच्या काठावर बोट ठेवून वाटी भरली. ते बोट मी किती दिवस बघत होते आणि मला ती त्यांची लकब वाटली होती. थोडी आमटी ताटात सांडली. आम्ही सगळे दारात उभं राहून बघत होतो. वन्संनी घास घेतला. चावला.

"मीठ जास्त आहे," म्हणाल्या.

"तुला लहानपणापासनं जास्तच लागतंय," अक्का म्हणाल्या. "त्याचा आणि डोळ्यांचा काय संबंध न्हाई."

वन्सं हसल्या. हसता हसता ठसका लागला, आणि त्या ठसक्यातच रडल्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "सोमवारी मिरजेला जायचं. डोळे दाखवायला. मी रजा वाढवून घेते."

"मिळंल?"

"बघते कशी देत नाहीत ते."

चिनू इतका वेळ उंबऱ्यावर बसला होता. कालची करवंदांची पाटी अजून तिथंच होती, कुणी हात लावला नव्हता. त्यानं एक करवंद उचललं, दातानं नाही, नखांनी फोडलं, आणि मूठ मिटून अक्कांपुढं आला.

"मोठ्याई, कोंबडा की कोंबडी?"

अक्कांनी वन्संच्या दिशेला तोंड वळवलं. वन्सं जेवायच्या थांबल्या होत्या.

"कोंबडा," अक्का म्हणाल्या.

चिनूनं मूठ उघडली. बघितलं. मग तो उठून दारापाशी उजेडात गेला, करवंद वळवून वळवून बघितलं, आतून, कडेनं, तळाशी. परत येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला.

"नाही, मोठ्याई," तो म्हणाला. "कोंबडी आहे. तू हरलीस."

अक्कांनी हात पुढं केला. चाचपत त्याच्या खांद्यापर्यंत, मानेपर्यंत, मग डोक्यापर्यंत.

"हरले की," त्या म्हणाल्या.